बक्षीस मिळालं नसतं तर?

'मी पाहिलेला चित्रपट' हा विषय मराठी शाळांच्या निबंधांच्या यादीतून कधी जात नाही, आणि गेली कित्येक वर्षं त्या मथळ्याखाली 'तारे जमीन पर' हमखास येतो. २१ डिसेंबर २००७ ला तो प्रदर्शित झाला तेव्हा आज त्याच्यावर निबंध लिहिणारी मुलं जन्मलीही नव्हती. शाळेत प्रोजेक्टर आला की बालदिनाला हाच लागतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात दुपारच्या जेवणानंतर डुलक्या येऊ लागल्या की हाच लागतो. मग मुलं वह्या उघडतात आणि लिहितात : प्रत्येक मूल वेगळं असतं. कोणालाही कमी लेखू नये. प्रत्येकात काही ना काही कला दडलेली असते. आपण आपली आवड जोपासली पाहिजे. भाषा शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. एका तुकडीचा गठ्ठा तपासताना कुठली वही कुणाची हे हस्ताक्षरावरून ओळखू येतं, मजकुरावरून सहसा नाही.

वेगळेपणावरच्या चित्रपटातून अख्ख्या वर्गाने एकच बोध घ्यावा, या विनोदाचे कर्ते आपण मोठी माणसं आहोत. बोध फळ्यावर आम्हीच लिहून देतो, किमान सुचवतो तरी. माझा आक्षेप त्याहून थोडा पुढचा आहे. आपण मुलांपुढे जो बोध ठेवतो तो चित्रपटाच्या चुकीच्या जागेवरून उचललेला आहे. आपण शेवट उचलतो. शिकण्यासारखं जे आहे ते त्याच्या आधी घडून गेलेलं असतं आणि त्याबद्दल निबंधात सहसा एक ओळही नसते.

खुद्द चित्रपटात या बोधप्रकरणावर एक झकास प्रसंग आहे. डिस्लेक्सियामुळे, म्हणजे बुद्धी असूनही अक्षरं न लागण्याच्या अडचणीमुळे, तिसरीत दुसऱ्यांदा बसलेला ईशान अवस्थी मुंबईहून बोर्डिंग शाळेत येऊन पडला आहे. ('होस्टेलला टाकीन' ही आपल्याकडची जुनी धमकी, इथे ती खरी झाली आहे.) हिंदीचा तास चालू आहे. कवितेचा अर्थ सांग म्हटल्यावर ईशान उभा राहून स्वतःला जे वाटलं ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. सरांच्या कपाळाला आठ्या. ते दुसऱ्या मुलाला उठवतात, तो पाठ केलेला भावार्थ घडाघडा म्हणून दाखवतो आणि सर खूश होतात. शेजारच्या बाकावरचा राजन नंतर ईशानला सांगतो की खरा अर्थ तूच सांगितलास. हा राजन वर्गातल्या हुशार मुलांपैकी एक आहे. म्हणजे बरोबर उत्तर कोणतं आणि गुण मिळवून देणारं उत्तर कोणतं, हे दोन्ही त्याला ठाऊक आहे. आपल्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलांनाही ते ठाऊक असतं. म्हणूनच 'या चित्रपटातून मला काय शिकायला मिळाले' असा प्रश्न आला की ती क्षणभरही विचार न करता दुसऱ्या मुलाचं उत्तर लिहितात. चित्रपटाने ज्याची टर उडवली तेच आपण त्या चित्रपटाच्या नावाने करून घेतो, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता शेवटाकडे येऊ. ईशानला वाचायला शिकवणारे चित्रकलेचे निकुंभ सर शाळेत चित्रांचा मोठा मेळा भरवतात. विद्यार्थी, शिक्षक सगळे रंगांत हात बरबटून बसतात. परीक्षक म्हणून चित्रकार ललिता लाजमी स्वतःच्याच भूमिकेत आल्या आहेत. ईशान पाण्याकाठचं एक चित्र काढतो, निकुंभ ईशानचा चेहरा रंगवतात आणि शिष्य गुरूला हरवून पहिला येतो. त्याचं चित्र शाळेच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर जातं. आईवडील येतात, शिक्षक कौतुक करतात, थिएटरात डोळे पुसले जातात. माझेही ओले झाले होते. त्याबद्दल तक्रार नाही.

पण एक प्रश्न मुलांना विचारून बघा. ईशान पहिला आला नसता तर? समजा त्याचं चित्र चारचौघांसारखं असतं. झाड, डोंगर, मधून उगवणारा सूर्य, चार उडते कावळे. तरीही त्याला वाचायला शिकवण्यासाठी कुणी इतका जीव आटवला असता का? चित्रपटाचं उत्तर ठामपणे 'हो' असं येत नाही. मुख्याध्यापकांसमोर मुलाची बाजू मांडतानाही निकुंभांना त्याची चित्रं पुढे करावी लागतात. बघा, या पोराच्या डोक्यात काय आहे ते! वर्गात निकुंभ मुलांना मोठमोठ्या माणसांची नावं सांगतात, आइन्स्टाइन, लिओनार्दो, एडिसन, की यांनाही लहानपणी अक्षरांनी छळलं होतं. ही यादी आता प्रत्येक प्रेरणादायी व्याख्यानात असते आणि तिच्यातली निम्मी माहिती हवेतली आहे. शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं निदान आज कोण करणार? आइन्स्टाइन गणितात नापास झाल्याची कथा तर सरळ खोटी आहे. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतच तो कलनशास्त्रात मुरला होता. तरी ही यादी टिकते, कारण ती आपल्याला हवी असते. वेगळ्या मुलाला जवळ करायचं तर त्याच्या खिशात कुठेतरी हिरा निघाला पाहिजे, ही आपली मनातली अट ती पुरी करते.

'प्रत्येकात काही ना काही कला दडलेली असते' हे वाक्य ऐकायला प्रेमळ आहे, पण शेवटच्या बाकावर बसून ते ऐकणाऱ्या मुलाचा विचार करा. त्याला गाता येत नाही, चित्र येत नाही, कबड्डीत तो तिसऱ्या चढाईला बाद होतो. वाचताना अडखळतो ते वेगळंच. आधी त्याला फक्त गणिताची आणि भाषेची भीती होती, आता एक दडलेली कला शोधून दाखवायची जबाबदारीही त्याच्यावर आली. बरं, कला सापडली तरी तिचं आपण काय करतो? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा पास झाल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे रेषेशी कधी दोस्ती नसलेली मुलंही आठवी-नववीत स्थिरचित्राच्या क्लासला बसवली जातात. त्या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या शाळांत चित्रकलेचा तास जिवंत ठेवला हे मान्यच करायला हवं. पण ईशानसारखं पोर आपल्याकडे असतं तर पालकसभेत पहिला प्रश्न आला असता, की इंटरमिजिएटला ए ग्रेड येईल ना?

म्हणून मी म्हणतो, शेवट बाजूला ठेवा आणि त्याच्या आधीचं बघा.

आधी काय होतं? निकुंभ ईशानच्या मुंबईच्या घरी जातात आणि त्याच्या जुन्या वह्या चाळतात. मूल 'चुका करतं' इथे न थांबता चुका कोणत्या, एकाच प्रकारच्या आहेत का, कधी उलट्या आरशातल्यासारख्या आहेत का, हे बघतात. ते वह्या वाचणं हा माझ्या मते चित्रपटातला सर्वांत मोठा शिक्षकी क्षण आहे, आणि त्यात एकही टाळी नाही. शाळेत वह्या 'तपासल्या' जातात. लाल पेनाने फुल्या, खाली सही, 'अक्षर सुधारा' असा शेरा. त्या चुकांना काही तऱ्हा आहे का, हे बघायला साठ वह्यांच्या गठ्ठ्यात उसंत नसते.

मग शिकवणं सुरू होतं. वाळूत बोटाने अक्षर गिरवणं, मातीची अक्षरं वळणं, हातावर काढलेलं अक्षर स्पर्शाने ओळखणं, मोठ्या चौकटीतून हळूहळू छोट्या चौकटीत उतरणं, जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत बेरीज-वजाबाकी करणं. हे सगळं एका गाण्यात उरकलं जातं. चित्रपटाला तेवढाच वेळ असतो. पण प्रत्यक्षात ते महिनोन्‌महिन्यांचं कंटाळवाणं काम आहे, आणि पाहणाऱ्या मुलांना ती जादू वाटते. निकुंभ सरांकडे जादू बिदू काही नव्हती. रोममध्ये 'मंदबुद्धी' म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम करताना मारिया माँटेसरींना हात, डोळा आणि कान एकत्र कामाला लावण्याचं महत्त्व कळलं. खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवायला देणं ही त्यांचीच रीत. १९०७ मध्ये त्यांनी तिथल्या गरीब वस्तीत बालगृह काढलं. १९३० च्या दशकात अमेरिकेत मेंदूविकारतज्ज्ञ ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी वाचनाची अडचण असलेल्यांसाठी अशाच बहुसंवेदी पद्धतीची नीट मांडणी केली. आणि आपल्याकडे? १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांना शिंपले, बिया, पानं, माती अशा हाताशी असलेल्या वस्तूंनी शिकवत होत्या. म्हणजे एखाद्या कलंदर शिक्षकाला अचानक सुचलेली युक्ती म्हणून याकडे बघायचं कारण नाही. कुठल्याही डी.एड.च्या वर्गात शिकवता येईल असं हे कसब आहे. चित्रपटात ते एकट्या माणसाच्या हृदयातून येतं, आणि ते पाहून बाहेर पडलेला शिक्षक 'आपण काही निकुंभ नाही' म्हणून मोकळा होतो. इथे चित्रपटाने नकळत नुकसान केलं आहे असं मला वाटतं.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही या मधल्या भागात एक गोष्ट आहे, जी 'आपली आवड जोपासा'च्या पार विरुद्ध जाते. निकुंभ ईशानला 'तुला वाचता येत नाही ना, राहू दे, तू चित्रं काढ' असं सांगत नाहीत. ते त्याला वाचायला शिकवतात. जे येत नाही, ज्याची लाज वाटते, ज्यासाठी मार खाल्ला आहे, नेमकं तेच. आवडीच्या आडोशाने नावडतं टाळायची मुभा त्यांनी दिलेली नाही. आठवी-नववीतली मुलं मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात, 'मॅडम, माझं पॅशन वेगळं आहे, म्हणून मी गणित सोडणार.' त्यांना हा भाग पुन्हा दाखवायला हवा.

आता राजनकडे वळू. पायाला आधार लावून, कुबड्यांवर चालणारा हा मुलगा निबंधांत फार तर एका ओळीत येतो. मला मात्र विद्यार्थ्यांनी घ्यावा असा सगळ्यात कामाचा धडा त्याच्याकडे दिसतो. निकुंभ येण्याआधी ईशानकडे माणूस म्हणून बघणारा शाळेतला तो पहिला. तो ईशानची कीव करत नाही, 'प्रेरणा' देत नाही, शेजारी बसतो आणि खरं ते सांगतो. वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांपैकी ईशान एखादा असतो. निकुंभ व्हायला पगार आणि पदवी लागते. राजन व्हायला काही लागत नाही. बहुसंख्य मुलांनी खरं तर याच भूमिकेत स्वतःला बघायला हवं, पण हॉलमधून बाहेर येताना प्रत्येक मूल स्वतःला ईशानच समजत असतं. 'मलाही कोणी समजून घेत नाही.' समजून घेणारा होण्याची इच्छा घेऊन फार थोडी मुलं बाहेर पडतात.

हे नुसतं गोड बोलणं नाही. परीक्षेच्या दिवसांत याची परीक्षा होते. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९९६ पासूनचं. म्हणजे चित्रपटाच्या अकरा वर्षं आधीपासून. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, काहींना गणिताचा सोपा पर्याय अशा या सवलती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत जागा दिली. शाळांनी ती लवकरात लवकर ओळखावी आणि त्याप्रमाणे शिकवण्यात बदल करावा, हेही त्यात लिहिलं आहे. कागदावर आपण अजिबात मागे नाही. पण दहावीच्या वर्गात एखाद्या मुलाला जादा वेळ मिळणार हे कळलं की मागच्या बाकांवरून काय ऐकू येतं? 'त्याची मजा आहे.' 'पैसे देऊन सर्टिफिकेट आणलं असेल.' 'मलाही अर्धा तास द्या की, मीही नव्वद टक्के पाडतो.' हेच बोलणारे आठवीत 'कोणालाही कमी लेखू नये' असं सुवाच्य अक्षरात लिहून आठ गुण घेऊन गेलेले असतात.

यातला एक संशय पूर्णपणे खोटा म्हणता येणार नाही. खोटी प्रमाणपत्रं निघाल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांचा फटका खऱ्या मुलांना बसतो. पण सवलत म्हणजे लबाडी, हा मुलांच्या मनातला हिशोब त्याहून जुना आहे. सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ म्हणजे न्याय, असं आपणच त्यांना पहिलीपासून शिकवलं आहे. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलीला कुणी 'तुझी मजा आहे' म्हणत नाही. अक्षर नाचणाऱ्या मुलाचा जादा अर्धा तास त्याच जातीचा आहे, एवढं जरी एखाद्या दहावीच्या वर्गाला चित्रपटातून समजलं तर त्याचं सार्थक झालं.

'अक्षरं नाचतात' असं ईशान म्हणतो. आपल्या शाळांना हे चित्र जसंच्या तसं उचलून चालणार नाही. ईशान इंग्रजी शाळेतला आहे. त्याचा गोंधळ इंग्रजी अक्षरांच्या डाव्या-उजव्या पोटांचा आहे, एकच शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिण्याचा आहे. मराठी शाळेतल्या पोराचा गोंधळ वेगळा दिसतो. त्याला भ आणि म मध्ये फरक करता येत नाही, घ आणि ध मध्ये फसतो, थ चा य होतो. मात्रा गळतात, अनुस्वार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर म्हणायची, हे त्याच्या डोक्यात काही केल्या बसत नाही. जोडाक्षर आलं की गाडी थांबली. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं इंग्रजीपेक्षा बरंच सरळ असल्यामुळे अशी मुलं कशीबशी वाचतातही, पण इतकी संथ की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. शिक्षक म्हणतात, 'वाचता येतं त्याला, आळशी आहे.' चित्रपट पाहून इंग्रजी अक्षर उलटं काढणाऱ्या मुलाच्या शोधात असलेल्या मास्तरांच्या नजरेतून हे मूल सहज निसटतं. मराठीतून चाचणी करायची साधनंही बराच काळ धड नव्हती. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाचा चाचणीसंच तयार केला, त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठी आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या किती शिक्षकांनी त्याचं नाव ऐकलंय, हा प्रश्न आहे.

आणि निदान झालं तरी सगळी मुलं त्यात मावत नाहीत. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळायचं तर बुद्ध्यांक साधारण किंवा त्याहून वरचा लागतो; बुद्धी आहे पण वाचन-लेखन मागे आहे, ही त्यातली मेख. बुद्ध्यांक ७० च्या खाली असेल तर वेगळी तरतूद. यांच्या मधे, ७० ते ८५ च्या पट्ट्यात जी मुलं येतात, त्यांना दवाखान्याच्या भाषेत संथ गतीने शिकणारी म्हणतात आणि शाळेच्या भाषेत 'ढ'. सवलतींची बहुतेक दारं त्यांना बंद असतात. त्यांना डिस्लेक्सिया नाही, त्यांच्यात चित्रकार दडलेला नाही, त्यांच्यावर चित्रपट निघत नाही. माझ्या मते वेगळेपणाचा खरा प्रश्न इथे आहे. ईशानला स्वीकारणं त्या मानाने सोपं, तो शेवटी आपल्याला अभिमानाची संधी देतो. जे मूल अशी कुठलीच संधी देणार नाही, आयुष्यभर बेताचंच राहील, त्याला वर्गात ताठ मानेने बसता येतं का? निबंधाला विषय द्यायचाच तर हा द्या.

त्याला शिकवायला माणसं हवीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण घालून दिलं, प्राथमिक वर्गांत दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत फिरते विशेष शिक्षक येतात, आठवड्यातून कधीतरी, पाच-सहा गावं करत. बरेचसे वर्षानुवर्षं कंत्राटी. ते आले की मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात घेऊन बसतात. त्यांच्याकडे निकुंभांइतकीच माया असेल, कदाचित जास्तच असेल. पण मोटारसायकलला किक मारून पुढच्या गावाला जाण्याआधी त्यांच्या हातात पाऊण तास असतो.

चित्रपटात ईशानचे वडील एकदा शाळेत येतात आणि निकुंभांना सांगतात की बायकोने इंटरनेटवर डिस्लेक्सियाबद्दल बरंच वाचलं आहे. आम्हाला मुलाची पर्वा नाही असं समजू नका. निकुंभ त्यांना 'पर्वा' म्हणजे काय ते ऐकवतात. मग बाहेर पडताना वडिलांना सूचनाफलकापाशी उभा राहून एकेक अक्षर लावत वाचायचा प्रयत्न करणारा ईशान दिसतो, आणि ते त्याच्याशी न बोलताच निघून जातात. प्रेक्षक म्हणून आपण त्या वडिलांच्याच जागी आहोत. चित्रपट पाहिला, डोळे पुसले, डिस्लेक्सिया हा शब्द शिकलो, व्हॉट्सअ‍ॅपवर एक-दोन लेख पुढे धाडले. निकुंभांसारखा शिक्षक शाळेला मिळावा अशी अपेक्षाही बोलून दाखवली. मुलाच्या वहीत काय चाललंय ते बघायचं राहिलंच.

या चित्रपटाने काही केलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या या कथेने एक वैद्यकीय संज्ञा घराघरांत नेली. 'मठ्ठ' म्हणून मार खाणाऱ्या असंख्य मुलांच्या आयांना पहिल्यांदा वाटलं की दोष आपल्या संस्कारांचा नाही. एवढं काम शासनाच्या परिपत्रकांना जमलं नव्हतं. आणि व्यावसायिक सिनेमाला शेवटी टाळी लागते, हेही मान्य. टाळीशिवाय हा सिनेमा कुणी पाहिलाच नसता, असं माझे एक सहकारी मला नेहमी सुनावतात. असेल. पण वर्गाला तिकीटखिडकी नसते. शाळेत तो दाखवताना टाळीपर्यंत जायचं की नाही हे आपल्या हातात आहे.

माझी सूचना साधी आहे. चित्रांचा मेळा सुरू होण्याआधी चित्रपट थांबवावा. मुलं ओरडतील, ओरडू द्या. उरलेला भाग ती घरी मोबाइलवर बघणारच आहेत. मग बोलावं. आमच्याकडे एकदा असं केलं तेव्हा एका मुलीने विचारलं की ईशान शाळा बुडवून भटकला तेव्हा मोठ्या भावाने त्याला रजेची खोटी चिठ्ठी लिहून दिली, ते बरोबर की चूक? वर्गात उभे दोन तट पडले. तो भाऊ अभ्यासात पहिला, टेनिस खेळणारा, घरचा आदर्श मुलगा. त्याच्यावर काय बेतत असेल याचा विचार माझ्या तरी मनात आला नव्हता. हे प्रश्न फळ्यावरच्या बोधाच्या यादीत येत नाहीत, कारण त्यांना एक उत्तर नसतं. त्या तासाचा निबंध लिहून घेऊ नये आणि त्याला गुणही देऊ नयेत.

मूल्यशिक्षणाची तासिका पस्तीस मिनिटांची, अभ्यासक्रम तुंबलेला, त्यात जनगणना नि निवडणुकीची कामं. हे सगळं माहीत असूनच लिहितो आहे. तरी असा एक तास झाला तर निदान दोन-तीन मुलांची नावं शिक्षकाच्या मनात येतात. त्यांच्या जुन्या वह्या काढून बघता येतात, पालकांना बोलावता येतं, तिसरी-चौथीतच तपासणीसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवता येतं. हे काम आपल्याकडे बहुतेक वेळा नववी संपताना, बोर्डाच्या अर्जांच्या गडबडीत सुरू होतं. मुख्याध्यापकांची सही, रुग्णालयाची तारीख, मग पुढची तारीख. कागद हातात येतो तेव्हा त्यावर जादा वेळ मिळतो. वाचायला शिकण्याची सहा वर्षं तोवर निघून गेलेली असतात, आणि ती परत मागायला कुठलाही अर्ज नाही.